लाडवांचा डबा

काल झुरळावर औषध मारायला गेलो, आणि फवाऱ्याचं तोंड माझ्याकडेच आहे हे चष्मा ओला झाल्यावर कळलं. झुरळ सुखरूप गेलं. मला मात्र त्या उग्र वासाने सत्तरच्या दशकातल्या आमच्या सीताबर्डीच्या खोलीत नेऊन बसवलं.

माझ्या बायकोला, सुधाला, आठवा महिना होता. उमरेडकडच्या शेतावरून आई तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आली होती. डबा घट्ट झाकणाचा, मुंगीही शिरणार नाही असा. सुधाने पहिला घास तोंडात घेतला आणि मी सहज झाकण हुंगलं. तुपाच्या वासाखाली कपाशीच्या फवारणीचा वास होता.

"थुंक!" मी एवढ्याने ओरडलो की शेजारी दारात आले.

"काहून ओरडून राहिला गा?" आई म्हणाली. "दवाईचाच डबा हाये, पण राखेनं घासला ना मी. गावात समदेच वापरतेत."

सुधाने घास थुंकला, चूळ भरली आणि पोटावर हात ठेवून बसली. बाळ हलेना. आई देवाचं नाव घेऊ लागली. मी रिक्षा आणायला धावलो, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात आईची.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच बाळाने लाथ मारली.

घरी आल्यावर आम्ही लाडू पुरले. आई मान खाली घालून बसली होती. तेव्हा मला तिचा रागच आला होता. आता वाटतं, घरातला सगळ्यात चांगला डबा तिने सुनेसाठी काढला होता.

सुधा तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "आई, उद्या इथंच लाडू करू. हात तुमचेच, डबा तेवढा माझा."