ताळ्याला मार्क नाहीत

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईआप्पांच्याही आधी गणिताच्या बाईंचं नाव घेतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावात दहावीपर्यंत मराठी शाळा होती. बाईंची एकच शिस्त होती, ताळा. भागाकार झाला की गुणून बघायचं. एक्स सापडला की समीकरणात परत घालून बघायचं. उत्तराखाली रेघ आणि रेघेखाली ताळा. ताळा नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी वही परत यायची.

"उत्तर काय, शेजाऱ्याचंबी असतंय," त्या म्हणायच्या. "ताळा तुझा असतोय."

दहावीच्या निरोपाला बाई प्रत्येकाला एक पोस्टकार्ड द्यायच्या. पत्ता त्यांच्याच अक्षरात लिहिलेला. कॉलेजात पदवीला गेलास की पहिला निकाल यावर कळव, एवढंच सांगायच्या. फोनवर नको, फोनवर माणूस आवाज बदलून बोलतं. माझं कार्ड पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं घरी पत्र्याच्या पेटीत राहिलं आणि मग माझ्याबरोबर बेळगावला आलं.

बी.एस्सी.ला मी गणित घेतलं ते पुढे बी.एड. करून बाईंसारखं शिकवायचं म्हणून. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस होतं. विभागाचा नियम असा, की या पेपरात बी प्लस मिळाला तरच गणित मुख्य विषय ठेवता येईल. नाहीतर दुसरं काहीतरी निवडायचं. घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हे कोणाशी बोलावं तेही कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी एक इंग्रजी कागद वाटला. हजेरी किती हवी, असाइनमेंट कधी द्यायची, इंटर्नलला किती मार्क. शेवटची ओळ होती, विद्यार्थ्याने आपलं काम दाखवावं. ती वाचून मला धीर आला. दुसरं काही येवो न येवो, काम दाखवायची सवय मला पाचवीपासून होती. काम म्हणजे ताळा, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

इंटर्नलच्या परीक्षेत संकलनाचे, म्हणजे इंटिग्रेशनचे, प्रश्न होते. एकात दोन एक्स गुणिले एक्स-वर्गाचा कोसाइन दिलेला होता. मला तो बघताक्षणी दिसला. मी लिहिलं, एक्स-वर्गाचा साइन. खाली रेघ मारली आणि त्याचं विकलन, म्हणजे संकलनाची उलटी क्रिया, करून दाखवलं. समोरचं पद तंतोतंत परत आलं. बाकीचे प्रश्नही असेच सोडवले आणि सगळ्यांच्या आधी बाहेर आलो.

पेपर हातात आला तेव्हा त्या प्रश्नाला पाचपैकी अर्धा मार्क होता. ताळ्याभोवती लाल गोल काढून सरांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. पानोपानी तेच. शेजारच्या मुलाने त्याच प्रश्नात एक्स-वर्गाला यू धरला होता, डीयू काढला होता, चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी चिन्ह चुकवलं होतं. उत्तर चूक, तरी मार्क चार. तो शहरातल्या ट्यूशनला जाऊन आलेला होता. माझा पेपर बघून हसला.

"तू उत्तराच्या मागं लागलायस रं," तो म्हणाला. "मी मार्कांच्या."

मी स्टाफरूममध्ये गेलो. सर कानडी, पण बेळगावात राहून त्यांचं मराठी चांगलं झालेलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. उत्तर बरोबर आहे, असं मी म्हटलं.

"उत्तर पुस्तकाच्या मागे पण असतं. तिथपर्यंत तू कसा आलास?"

मी ताळ्यावर बोट ठेवलं. हे काय, त्यांनी विचारलं. मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग सांगितलं, की ही पडताळणी झाली, रीत नाही. चार मार्क रीतीचे, एक उत्तराचा.

"मग एक तरी द्यायचा होता, सर."

"सी कुठाय?"

मला कळलं नाही. त्यांनी माझ्या उत्तरापुढे पेनाने अधिक सी लिहिलं. स्थिरांक. त्याचं विकलन शून्य, म्हणून तो असला काय, नसला काय, ताळा जुळणारच.

"तुझ्या ताळ्याला जे हरवलंय ते दिसत नाही," सर म्हणाले.

मी बाहेर आलो. राग सरांचा होता, आणि ते सीबद्दल खरं बोलले याचा जास्त होता. पण रीतीला चार मार्क आहेत हे त्या कागदावर का लिहिलं नाही? ट्यूशनवाल्यांना ते आधीच माहीत होतं. आम्हाला ते मार्क कापले गेल्यावर समजतं.

रविवारी गावी गेलो. आप्पांनी माझं तोंड बघून विचारलं, "पास हाईस का नापास, तेवढं सांग."

"पास."

"मग?"

त्यांना काय सांगणार? आमच्या घरात निकालाला दोनच बाजू होत्या. बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. तिकडे गेलो नाही.

पुढच्या परीक्षेत मी यू धरला, डीयू काढला, चार ओळी लिहिल्या, सी लिहिला. ताळ्याला वेळ उरला नाही. खोलीवर आल्यावर करून बघितला, तर एका उत्तरात उणे चिन्ह सुटलेलं. पेपर आला तेव्हा त्या चुकीच्या उत्तरालाही चार मार्क होते. कॉरिडॉरमध्ये सर म्हणाले, आता लाइनवर आलास. त्यांना माझं कौतुकच करायचं होतं. मी मान हलवली आणि पेपर दुमडून खिशात घातला.

सत्राचा निकाल लागला. बी प्लस मिळाला, गणित राहिलं. कार्ड मात्र कितीतरी दिवस तसंच होतं. शेवटी बारीक अक्षरात लिहून टाकलं.

"बाई, नमस्कार. कॅल्क्युलसला बी प्लस आहे, गणित ठेवता आलं. ते तुमच्या पद्धतीने मिळालं नाही, म्हणून कळवायला उशीर केला. इथे पायऱ्यांना मार्क असतात, ताळ्याला नसतात. हे आधी कोणी सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. संकलनात शेवटचा स्थिरांक विसरला तरी ताळा जुळतो. आपल्या वर्गसमीकरणातही तसंच होतं. एक मूळ घालून बघितलं की जुळतं, दुसरं राहून गेलेलं कळत नाही. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगा, म्हणजे पुढं त्यांना माझ्यासारखं होणार नाही. मी ताळा सोडलेला नाही. आता तो शेवटच्या पानावर करतो, कच्चं काम म्हणून, आणि वर तिरकी रेघ मारतो, म्हणजे तपासणारे वाचत नाहीत. ती रेघ मारताना लई जिवावर येतं. तुमचा विद्यार्थी."