आडनावाऐवजी कुत्रं

सर्च बॉक्समध्ये ‘पाटील’ टाईप करून आमचे सर स्क्रीनकडे बघत बसले होते. यादी खाली सरकत होती, संपत नव्हती.

“शीतल, हे सगळे आपल्या गेममधले हायत?”

“हो सर.”

“सगळे पाटील?”

“काही देशमुख आहेत. ते वेगळे शोधावे लागतील.”

आमचा प्रोग्रॅमर वसीम मान खाली घालून हसत होता. सरांचं स्वतःचं आडनाव पाटीलच. पण एवढे भाऊबंद एकदम अंगावर येतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता नीट सांगते. नांदेडला आमचा छोटा स्टुडिओ आहे आणि मी तिथं गेम डिझायनर आहे. म्हणजे मी चित्रं काढत नाही आणि कोडही लिहीत नाही. खेळात काय करता यावं आणि काय करता येऊ नये, एवढं ठरवते. याचा पगार मिळतो हे माझ्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही. आमचा गेम ऑनलाइन रोल-प्लेइंगचा आहे. एका जुन्या किल्ल्याभोवती कितीतरी लोक एकाच वेळी खेळत असतात. प्रत्येकजण आपलं कॅरेक्टर बनवतो: कुणी लोहार, कुणी वैद्य, कुणी शिपाई. हौशी माणूस एकावर थांबत नाही. सकाळी लोहार होऊन तलवारी ठोकतो, संध्याकाळी वैद्य होऊन जखमा बांधतो. या जादा कॅरेक्टरांना धंद्यात ‘आल्ट’ म्हणतात.

आल्टवाले खेळाडू सगळ्यांत निष्ठावंत, आणि आमच्याकडे सगळ्यांत जास्त हाल त्यांचेच. मैत्री कॅरेक्टरशी व्हायची, माणसाशी नाही. लोहाराचे दोस्त वैद्याला ओळखायचे नाहीत. टोळीत, म्हणजे मिळून लढणाऱ्या गटात, प्रत्येक कॅरेक्टरला नव्यानं अर्ज करावा लागायचा. बिजली नावाच्या खेळाडूची सहा कॅरेक्टरं होती, आणि ती आमच्या सगळ्यांत मोठ्या टोळीची म्होरकी होती. ती लोहारीण होऊन आली की तिच्याच टोळीतली पोरं तिला “नवीन आलीस का?” विचारायची. आमचे सरही त्याच टोळीत. ऑफिसात आमच्यावर डाफरणारा हा माणूस तिथं ‘वाघोबा’ या नावानं बिजलीचे हुकूम मुकाट ऐकायचा.

उपाय सरांनीच काढला. एका खेळाडूच्या सगळ्या कॅरेक्टरांना एकच आडनाव.

“आडनाव शोधलं की झालं,” सर मीटिंगमध्ये म्हणाले. “त्या घरचं कुणीबी येऊ दे, मित्राला कळतंय.”

“सर, आडनाव नको. दुसरं काहीतरी बघू.”

“का? आडनावात काय अडचण हाय?”

ज्याला ही अडचण कधी आलेली नाही, त्याला ती मीटिंगमध्ये समजावून सांगणं मला जमत नाही. नांदेडला खोली शोधताना माझं आडनाव ऐकलं की एकेका घरमालकाला अचानक आठवायचं, खोली पुतण्यासाठी ठेवलीय म्हणून. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण इतका राग आला होता, की बोलले असते तर नोकरी सोडूनच बोलले असते.

रिलीजच्या आधी आम्ही नवे बदल काहीशे खेळाडूंना वापरून बघायला देतो. आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. खरं आडनावच टाका, असं आम्ही कुठं म्हटलं नव्हतं. लोकांनी हौसेचं टाकलं. त्याचा निकाल म्हणजे ती न संपणारी यादी.

“मॅडम, सगळेच पाटील झाले तर शेतात कोनी जायचं?” वसीम म्हणाला.

सरही हसले. पण बिजलीचा रकाना रिकामा होता. टोळीला एवढाच निरोप होता: ‘आता मी येत न्हाई. सांभाळा.’ सरांचं हसू मावळलं. बिजली गेली की टोळी फुटणार, आणि टोळी फुटली की निम्मा किल्ला ओस पडणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

“फोन लाव तिला.”

टेस्टवाल्यांचे नंबर आमच्याकडे असतात. फोन लावला, स्पीकरवर टाकला. मागून बसस्टँडचा कालवा ऐकू येत होता. बिजली हदगावकडची बस कंडक्टर आहे, हे तेव्हा कळलं.

“ताई, गेम का सोडताय?”

“मॅडम, दिवसभर छातीवर नावाची पट्टी लावून फिरते मी. काही लोक तिकिटाच्या आधी पट्टी वाचतात. मग सुट्टे पैसे हातात देत न्हाईत, सीटवर ठिवतात. तुमच्या किल्ल्यात लोक मला इचारतात, कोणत्या बुरजावरून चढायचं, कुणी मागं राहायचं. आडनाव कुणीच इचारलं न्हाई. आता तुम्हीच इचारून राहिलात.”

“खोटं टाकलं असतं तरी चाललं असतं.”

“खोटं कशाला टाकू? मला माझ्या आडनावाची लाज न्हाई. त्याच्याबिगर खेळायचं हाय, बस.”

फोन ठेवला. मला फार बरं वाटलं. सर बराच वेळ कीबोर्ड पुसत बसले.

“मग झेंड्याचा रंग देऊ प्रत्येकाला,” ते शेवटी म्हणाले.

“सर, निळा, भगवा, हिरवा…” वसीम म्हणाला, “सर्व्हर चालवायचा की बंदोबस्त लावायचा?”

“गावाचं नाव?”

“गाव सांगितलं की लोक गल्ली विचारतात,” मी म्हणाले.

तेव्हा मला काका आठवले. चाकूरजवळच्या आमच्या गावात काका रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पत्ते कुटत बसायचे. काकू त्यांना शोधायला माणसाला विचारत नसे, कुत्रं बघायची. ज्या दारात मोत्या, त्या घरात काका. आणि सापडायचं नसलं की काका मोत्याला गोठ्यात बांधून जायचे.

मी हे सांगितलं. सर म्हणाले, “लोक हसतील.”

“हसू द्या सर. सोडून तर जाणार नाहीत.”

तसंच केलं. प्रत्येक खेळाडूला एक कुत्रं. कोणतंही कॅरेक्टर घेऊन या, मागं कुत्रं तेच. कुत्र्याशी ओळख झाली की सगळ्या घराशी झाली. टोळीत कुत्र्याला एकदा घेतलं की पुन्हा अर्ज नाही. एकटं फिरायचं असेल तर कुत्रं बांधून ठेवायचं. मग हजर खेळाडूंच्या यादीत दिसणं बंद, निरोप येणंही बंद. आधी कुत्री भिंतीत अडकायची, एक तर हवेत चालत गेलं. वसीमनं तोंडातल्या तोंडात शिव्या घालत ते निस्तरलं.

बिजलीला कळवलं. उत्तर आलं नाही. पण रिलीजच्या संध्याकाळी एक लोहारीण किल्ल्यात आली, आणि मागं तुटक्या शेपटीचं काळं कुत्रं, टोळीच्या यादीत बिजलीचं म्हणून नोंदलेलं. टोळीनं एकच गलका केला. मोठी लढाई झाली, जिंकले. सर खुशीत होते. मी मागं उभी होते, त्यांनी टाईप केलेलं मला दिसलं:

‘ताई, हदगावात तुम्ही कुणापैकी?’

कुत्रं यादीतून नाहीसं झालं.

“अगं शीतल, आत्ता तर इथं होती! निरोपबी जात न्हाई!”

“इथंच असेल सर. कुत्रं बांधलंय तिनं.”

सरांचे कान लाल झाले. “सवय गं,” एवढंच ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिजली वैद्य होऊन आली. पहिला हुकूम वाघोबाला होता: मागं थांब आणि जखमी उचल. सरांनी आठवडाभर बिनतक्रार जखमी उचलले. आडनावाचा रकाना त्यांनी रिलीजच्या आधीच स्वतः काढायला लावला होता. आता नवा रकाना टाकायचा म्हटलं की मी एकच विचारते: हे कळल्यावर आपण त्या माणसाशी काय वेगळं वागणार आहोत? उत्तर ‘काही नाही’ असेल तर विचारायचं कशाला, आणि दुसरं काही असेल तर मग मुळीच विचारायचं नाही.