थाम

आमची प्रतीक्षा नांदगाव पेठेत रोबोट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. मी तिचा मोठा भाऊ किशोर, अकोल्याले भाजी विकतो. तिले नोकरी लागली तवा अख्ख्या बाजारात पेढे मीच वाटले. आता कोणी तिचं नाव काढलं का मी भेंडीवर पाणी शिंपडत बसतो.

संत्री निवडणारा एक यांत्रिक हात तिनं बनवला. तोंडी हुकूम ऐकते तो. त्याले बोली समजावी म्हणून तिनं महिनाभर कामावरच्या बायांचे आवाज भरून घेतले. बाया म्हणत, "थाम." आमच्याकडे कोण म्हणते हो 'थांब'? पण पुण्याहून आलेल्या साहेबानं ते सारे आवाज पुसून टाकले. "पाहुण्यांना दाखवायचंय. शुद्ध मराठी ठेवा." प्रतीक्षा दोन दिवस भांडली, मंग गप्प बसली. तिथंच चुकलं तिचं. तिच्या तोंडावर सांगतलं मी.

मार्चात त्याच बायांमधल्या ललिताबाईचा हात त्या मशीनच्या पट्ट्यात अडकला. बंद करायचं लाल बटण पलीकडच्या बाजूले. बिचारी जिवाच्या आकांतानं ओरडली, "थाम! थाम ना बे!" संगच्या चार बायाही ओरडल्या. मशीन काई थांबलं नाई. दोन बोटं गेली.

चौकशीच्या कागदावर लिवलं होतं, 'कामगाराने चुकीचा शब्द उच्चारला.' खाली सही प्रतीक्षाची पायजे होती. कागद घेऊन ती घरी आली, जेवली नाई. मी म्हटलं, "खरं काय ते लिव. नोकरी गेली त गेली, माझ्यासंग कांदे विक." माय रडाले लागली, "कांदे विकाले शिकवलं का इले?" प्रतीक्षानं सही केली. चूक ललिताबाईची ठरली.

आता पोरगी मोठ्या पदावर आहे. रोज सकाळी आठले बायांची रांग लावते अन् त्यायच्याकून घोकून घेते, "थांब." ललिताबाईही असते रांगेत, पदराखाली हात लपवून. शरम कोणाले वाटाले पायजे अन् कोणाले वाटते!

परवा सुटीवर आली होती. निघाली तवा माय डबा घेऊन मांगं धावली, "प्रतीक्षा, थाम व!"

"माय, थांब म्हण," प्रतीक्षा चालता चालताच बोलली.

मायले वाटलं, आपलंच काई चुकलं. साठ वर्साच्या त्या बाईनं जीभ सांभाळत म्हटलं, "थांब."

तवा कुठं ती थांबली.