धोंडूबाईचे पेढे

कशेळ्यात पोर जन्मलं की पहिली गुटी धोंडूबाईच उगाळणार, हा नियमच. चौऱ्याऐंशी साली तिच्याच आठवड्याभराच्या नातवाचं मुंबईत हृदयाचं ऑपरेशन झालं, तर ही सहाण घेऊनच दवाखान्यात हजर!

डॉक्टरीणबाईंनी अडवलं. "आजी, हृदय दुरुस्त झालंय. पण आतड्यांना रक्त नीट पोचेपर्यंत दुधाचा थेंबही नाही. आधी शी होऊ दे."

"म्हंजे खाचरात पाणी आल्याबिगर लावणी नाय," असं पुटपुटत धोंडूबाईनं सहाण पिशवीत कोंबली आणि दाराशीच ठाण मांडलं.

दोन दिवसांनी ती वॉर्डभर पेढे वाटत सुटली. वॉर्डबॉयनं विचारलं, "काय आजी, नातू झाला का?"

"झाला तवा वाटायचा धीर नाय झाला रं," धोंडूबाई म्हणाली. "आज हागलाय!"