पाठच्या भावाच्या पेशी

म्हाळसा माझी धाकटी जाऊ. बावड्यात आमची पिठाची गिरणी हाय, ती तीच चालवायची. ज्वारीचं पोतं एकटी उचलायची, आन् रांगेत कुणी घुसलं की त्याची खरडपट्टी काढायची. अशा बाईला रक्ताचा कॅन्सर झाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सख्ख्या भावंडाच्या मूळपेशी घालाव्या लागतील. पळसदेवचा मानसिंग, तिचा पाठचा भाऊ, तपासणीत तंतोतंत जुळला. "ताई, पाहिजे तेवढं रक्त घे," म्हणाला. मी तर त्याची दृष्ट काढली, मेल्याची!

आधी म्हाळसाला औषधं दिली, मग तीन दिवस सगळ्या अंगावर किरणं. अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या किरणांनी मरतात, काही तर चार-दोन तासांतच. त्या जित्या राहिल्या तर भावाच्या पेशी परक्या समजून मारून टाकतात. चौथ्या दिवशी तिच्या रक्तात त्या औषधालाबी उरल्या न्हवत्या. आता भावाच्या मिळाल्या न्हाईत तर साधा तापसुद्धा हिला घेऊन जाईल, हे डॉक्टरांनी मानसिंगसमोरच सांगितलं होतं.

त्याच दिवशी तो कागद घेऊन आला. "ताई, वडिलांच्या शेतातल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र हाय. सही कर, की लगेच पेशी द्यायला मशिनवर पडतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरबी भडकले, पण जबरदस्ती करता येत न्हाय म्हणाले. म्हाळसा काचेपलीकडं फोन कानाला लावून ऐकत होती.

"आधी मागितला असतास तर हसत दिला असता रं," ती म्हणाली. "मला माघारी फिरता येत न्हाय हे बघून मागतोस व्हय?" ढसाढसा रडली आन् सही केली.

मानसिंगच्या पेशी तिच्यात रुजल्या. लहान पोरासारख्या सगळ्या लसी तिला नव्यानं घ्याव्या लागल्या, कारण जुन्या पेशींबरोबर गोवर-धनुर्वाताची ओळखबी गेली. डॉक्टर म्हणाले, हिच्या रक्तातली एकूणएक पांढरी पेशी आता भावाची हाय.

वर्षानं इंदापूरच्या कचेरीत दस्त नव्यानं करून नोंदवायचा होता; नोंदणीबिगर त्या सहीला किंमत न्हवती. "जाऊ नगंस, बसू दे बोंबलत," मी म्हणलं. "शब्द दिलाय," म्हणाली आन् गेली. अंगठा उमटवून झाल्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"आत हाईस तेवढा बास," ती म्हणाली. "माझ्या दारात येऊ नगंस."