धुळीसकट वॉरंटी

इच्छापोरच्या आमच्या कापड कारखान्यात खरेदी बघणाऱ्या बाई मूळच्या खान्देशातल्या, डिंडोलीत राहणाऱ्या. कोणी काहीही सांगितलं की मान तिरकी करून विचारतात, "म्हंजे कसं?" आणि उत्तर पटेपर्यंत विचारतच राहतात. मी शेजारच्या टेबलावर बसतो. मलाही त्या प्रश्नाची धास्ती वाटते.

यंदा कापडाचे तागे वाहायला ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या घ्यायचं ठरलं. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "दोन वर्षांची वॉरंटी. फक्त धुळीनं सेन्सर बिघडला तर ती लागू नाही."

"म्हंजे कसं?"

"मॅडम, सगळ्यांचीच ही अट असते."

शेठ घाईत होते. "बेन, सही करी नाखो ने," असं गुजरातीत सही उरकून टाकायला सांगून ते निघून गेले.

बाई त्या माणसाला थेट लूम खात्यात घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेलो. हवेत तंतू उडत होते, कामगारांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"इथं रोज हे असंच असतं," त्या म्हणाल्या. "सेन्सर झाकला गेला आणि गाडीला माणूसच दिसला नाही, तर? धुळीसकट वॉरंटी लिहून द्या, नाहीतर गाड्या नकोत."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. शेठचा फोन येत राहिला, तोही बाईंनी उचलला नाही.

संध्याकाळी पुरवठादारानं अट काढली. सेन्सर साफ करायला दर सोमवारी माणूस पाठवायचंही लिहून दिलं. मी अभिनंदन केलं.

"आधी माणूस तर येऊ द्या," त्या म्हणाल्या.

गाड्या सुरू झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्या फाटकाशी उभ्या होत्या.