भावजींचा दुसरा साक्षीदार

वादळाचा इशारा आला की लोक खिडक्या लावून घेतात, आमचे भावजी दुकान. ताईचा हा नवरा चष्मेवाला. एरवी दिवसभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतो. पण समुद्र खवळला की दुर्बीण उचलायची आणि बंदराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआड जाऊन बसायचं. खोल समुद्रातले पक्षी वाऱ्याच्या रेट्याने किनाऱ्याला येतात ते तेव्हाच. या वेडापुढे ताईने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच हात टेकले.

सात वर्षांपूर्वी तिथे त्यांना फ्रिगेट पक्षी दिसला. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, आमच्या किनाऱ्यावर कधीच न नोंदलेला. पण भावजी एकटे होते आणि पक्षिमंडळाचा नियम कडक. असा पक्षी दोघांनी पाहायचा आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलता वेगवेगळ्या कागदांवर वर्णन लिहायचं. नोंद फेटाळली गेली. वर कोणीतरी म्हणालं, चष्मेवाल्याने आधी स्वतःचा नंबर तपासावा. ते त्यांना अजून झोंबतं.

यंदा त्यांचा जोडीदार पोस्टमन तापाने आडवा झाला आणि साक्षीदार म्हणून मेहुणीची, म्हणजे माझी, वर्णी लागली. मला कावळा आणि कबूतर सोडून काही ओळखता येत नाही.

"तेच बरं," भावजी म्हणाले. "दिसेल तेवढंच लिहिशील."

तासाभरात मी नखशिखांत भिजले. तोंडातून निघालेलं वाक्य वारा पार मागच्या गल्लीत नेऊन टाकत होता. आणि खरं सांगते, मला भलतीच मजा येत होती. एकाएकी भावजींनी माझा दंड धरला.

"आला. धक्क्याच्या वर बघ."

"काय बघू? काचांवर सगळं खारं पाणी आहे."

इथे घात झाला. मळकी काच दिसली की भावजींना राहवत नाही, रस्त्यात अनोळखी माणसाचाही चष्मा मागून पुसून देतात. त्यांनी माझा चष्मा उपसला, खिशातलं मऊ फडकं काढलं आणि आधी डावी काच, मग उजवी, अशा निगुतीने पुसला. चष्म्याविना मला पुढ्यातले भावजीही धड दिसत नाहीत. तो परत नाकावर आला तेव्हा समोर नुसत्या लाटा होत्या.

भावजी मटकन खाली बसले.

"दिसला म्हणून लिहू का?"

"नको," ते म्हणाले आणि स्वतःचा चष्मा काढून पुसू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी वर पाहिलं.

तो डोक्यावर होता. पंख न हलवता, वाऱ्यावर आरामात टांगलेला. मी उड्याच मारायला लागले. बिनचष्म्याचे भावजी आभाळभर चाचपडत होते. कसा आहे ते मी सांगायला गेले तर त्यांनी माझ्या तोंडावर तळहात दाबला. नियम म्हणजे नियम. त्यांनी चष्मा चढवला तोवर तो गेलाही होता.

मग कारखान्यामागे उभ्या केलेल्या भावजींच्या गाडीत मी पुढे, ते मागे, तोंडाला कुलूप लावून लिहीत बसलो. मला हसू आवरेना. मागूनही खुसखुस ऐकू येत होती, आणि गाडी वाऱ्याने हलत होती की आमच्यामुळे, कोण जाणे.

कागद बदलले. माझी शेवटची ओळ होती, डाव्या पंखात मधलं एक पीस नाही, फटीतून आभाळ दिसलं. भावजींनी ती दोनदा वाचली. त्यांच्या कागदावर तेच पीस तिसऱ्या ओळीत गायब होतं.

पुढे वाकून त्यांनी माझा चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो चांगला स्वच्छ होता. पण मला काही दिसेनासं झालं आणि त्यांना निवांत रडता आलं.